हार्प शिकणाऱ्याच्या वाटा

हार्प पहिल्याच तासाला पावते. व्हायोलिन शिकणाऱ्याचा गज पहिले कित्येक महिने कुरकुरतो, बासरीतून आधी नुसती हवा बाहेर पडते, सतारीची तार दाबता दाबता बोटं सोलवटतात. हार्पच्या तारेला मात्र कुणीही बोट लावून सोडलं, तरी येणारा स्वर भरलेला आणि सुरेल असतो. प्रत्येक स्वराला स्वतंत्र तार आहे आणि ती आधीच मिळवून ठेवलेली आहे. या सहज मिळणाऱ्या सुखामुळे हार्प म्हणजे नुसते हात फिरवायचं वाद्य, असा समज बऱ्याच जणांचा असतो. शिकायला बसलेल्या माणसाला दोन-तीन आठवड्यांत कळतं की स्वर काढणं हा या विद्येतला सगळ्यांत छोटा भाग आहे. बोट तारेवर आधी कधी जाऊन बसायला हवं, सुटलेला स्वर कधी मिटवायचा आणि सात स्वरांपैकी या क्षणी कोणता कोमल, कोणता शुद्ध, हे तीन प्रश्न पहिल्या धड्यापासून मैफलीच्या मंचापर्यंत सोबत राहतात. हार्पची वाद्यं, पुस्तकं, गुरुपरंपरा यांच्याकडे याच तीन प्रश्नांच्या अंगाने पाहिलं, तर कुठली वाट कुणासाठी आहे ते नीट दिसतं.

आज शिकणाऱ्यासमोर मुख्यतः दोन प्रकारच्या हार्प असतात. लिव्हर हार्पला साधारण २२ ते ३८ तारा असतात. वरच्या मानेवर प्रत्येक तारेच्या टोकाशी एक लहानशी लिव्हर बसवलेली असते. ती लावली की तारेची लांबी साधारण अठराव्या भागाने कमी होते आणि स्वर अर्ध्या स्वराने चढतो. दुसरी पेडल हार्प, वाद्यवृंदात दिसते ती: ४७ तारा, माणसाएवढी उंची, चाळीस किलोच्या आसपास वजन आणि पायथ्याशी सात पेडल. दोन्हींत सी स्वराच्या तारा लाल आणि एफच्या काळ्या किंवा निळ्या असतात, नाहीतर एवढ्या तारांत डोळा हरवेल.

लिव्हर हार्पला पेडल हार्पची पहिली पायरी समजण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. आयर्लंड, स्कॉटलंड आणि ब्रिटनी इथलं हार्पवादन आज मुख्यतः याच वाद्यावर चालतं. एडिंबरोचा आंतरराष्ट्रीय हार्प महोत्सव भरवणारी क्लार्साख सोसायटी १९३१ पासून याच छोट्या हार्पसाठी काम करते आहे. एबीआरएसएमसारखं परीक्षा मंडळही पेडल आणि बिनपेडल हार्पचे अभ्यासक्रम वेगवेगळे ठेवतं. सिंफनीत बसण्याचं ज्याचं नक्की आहे, त्याने लवकर पेडलकडे वळावं. बाकीच्यांनी लिव्हर हार्पवर आयुष्य काढलं तरी त्यांना काही कमी पडणार नाही.

हार्प उजव्या खांद्यावर टेकवतात आणि दोन्ही हात तारांच्या दोन बाजूंनी येतात. वाजवायला बोटं चारच लागतात. करंगळी आखूड पडते म्हणून तिला काम नाही. अंगठा वर ताठ, बाकीची तीन बोटं खाली झुकलेली आणि तळहात लिंबू धरल्यासारखा पोकळ. हार्मोनियमवरून येणाऱ्याला इथे एक गोष्ट उलटी वाटते. हार्मोनियमवर उजव्या हाताचा अंगठा खालच्या स्वराकडे असतो, हार्पवर दोन्ही अंगठे चढ्या स्वरांकडे. पण याचा मोठा फायदा असा, की उजव्या हाताला बसलेली बोटं डाव्या हाताला जशीच्या तशी लागू पडतात.

आता सा रे ग म हे चारच स्वर घेऊ. नवशिका सा वाजवतो, मग रे शोधतो, मग ग. शिक्षक त्याला तिथेच थांबवतो. आधी चारही बोटं चार तारांवर ठेवायची: अनामिका सा वर, मधलं बोट रे वर, तर्जनी ग वर, अंगठा म वर. मग एकेक सोडायचं आणि सुटलेलं बोट थेट तळहातात मिटवायचं. पुढे प ध नी सा हवे असतील, तर अंगठा अजून म वर टेकलेला असतानाच अनामिका त्याच्या खालून सरकून प वर जाऊन बसते आणि मगच अंगठा सुटतो. उतरताना याच्या उलट. अनामिका आपल्या तारेवर टेकून राहते आणि अंगठा तिच्यावरून पलीकडे जातो. पुस्तकांत एकदम ठेवायच्या स्वरांवर कंस काढलेले असतात. घाईत शिकणारा ते कंस वाचतच नाही, आणि पुढे लयीला जे खड्डे पडतात त्यांचं मूळ तिथेच सापडतं.

ठेवण्यालाही वेळ असते. कंप पावत असलेल्या तारेवर बोट अर्धवट टेकलं, तर झर्र असा ओंगळ आवाज येतो. फार लवकर ठेवलं, तर आधीचा स्वर अकाली तुटतो. म्हणून बोट नेमक्या क्षणी आणि निश्चयाने बसावं लागतं. खर्जातल्या धातू गुंडाळलेल्या तारांची गोष्ट याहून अवघड. त्या एकदा छेडल्या की कितीतरी वेळ बोलत राहतात. वरची धून पुढच्या स्वरसंगतीवर गेली आणि खालचा जुना षड्ज तसाच घुमत राहिला, तर सगळं गढूळ होतं. तेव्हा डाव्या हाताचा तळवा सपाट टेकवून ती तार मिटवायची, आणि हे करतानाही पुढच्या स्वराची वेळ चुकू द्यायची नाही. अनुभवी वादक ऐकताना त्याचा डावा हात पाहावा. तो जितकं वाजवतो, जवळजवळ तितकंच मिटवतो. शिकवणीच्या पहिल्या वर्षात या मिटवण्याकडे फार थोडे शिक्षक पुरेसं लक्ष देतात, अशी माझी तक्रार आहे. ते ‘पुढे बघू’ म्हणून ठेवून देतात आणि मग कान गढूळपणालाच सरावतो.

तिसरा प्रश्न कोमल-शुद्धाचा. हिंदुस्थानी संगीताच्या कानाला तो सगळ्यांत जवळचा आहे, म्हणून जरा थांबून पाहू. हार्पवर सप्तकात तारा सातच. बारा स्वर एकाच वेळी हाताशी नसतात. आधी ठरवायचं की रिषभ कोमल ठेवायचा की शुद्ध, मध्यम शुद्ध की तीव्र, आणि मग वाजवायला लागायचं. थाट लावण्याचीच ही रीत झाली. लिव्हर हार्प बहुधा ई-फ्लॅट स्वरपंक्तीत मिळवतात, म्हणजे सगळ्या लिव्हर खाली असताना ई, ए आणि बी हे तीन स्वर उतरलेले असतात. आता षड्ज पांढरी एकवर, म्हणजे सी वर धरला, तर गंधार, धैवत आणि निषाद कोमल-शुद्ध दोन्ही मिळतात, तीव्र मध्यमही मिळतो, पण रिषभाची तार डी च्या खाली उतरत नाही. परिणामी भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी बिलावल, कल्याण, खमाज, काफी आणि आसावरी हे पाच जमतात. कोमल रिषभाचे भैरव, पूर्वी, मारवा, तोडी आणि भैरवी बाहेर राहतात.

षड्ज तिथून उचलून पांढरी दोनवर ठेवला की चित्र पालटतं. डी हा षड्ज, उतरलेला ई हा कोमल रिषभ, लिव्हर लावली की तोच शुद्ध. एफ कोमल गंधार, चढवला की शुद्ध. जी मध्यम, चढवला की तीव्र. धैवत आणि निषादाचंही तसंच. पंचमासाठी ए च्या लिव्हर कायमच्या लावून ठेवायच्या. दहाच्या दहा थाट तयार! भैरवीला तर पंचमाखेरीज एकही लिव्हर लावावी लागत नाही. तानपुरा पांढरी दोनला लावून बसणाऱ्या शिकणाऱ्याने आणखी एक काळजी घ्यावी. ए ची मोकळी तार मिळवू नये. लिव्हर लावून येणारा पंचम षड्जाशी जुळेपर्यंत तार फिरवावी, कारण वाजणार आहे तो लावलेलाच स्वर.

लिव्हरचा आणखी एक गुण असा, की ती प्रत्येक तारेला वेगळी असते. मंद्रातला निषाद कोमल आणि मध्य सप्तकातला शुद्ध, असं एकाच वेळी ठेवता येतं. दोन निषादांच्या रागात हे उपयोगी पडतं. वाजवता वाजवता लिव्हर बदलायची, तर डावा हात क्षणभर तारांवरून उचलून वर न्यावा लागतो, म्हणून अशा जागा आधीच हेरून ठेवाव्या लागतात. मींड मात्र नाही, आणि ही मर्यादा मोकळेपणाने मान्य केलेली बरी. चीनमध्ये खोंगहौ ही तिथली हार्प आज दोन पदरी तारांची करून एका बाजूची तार दाबून स्वर ओढण्याची सोय केली गेली. युरोपी हार्पवर ती नाही. आलापीचे राग तिच्यावर उपरे वाटतात. भूप, दुर्गा, हंसध्वनी यांच्यासारखे सुट्या स्वरांत खुलणारे राग शोभतात.

राग उपरे वाटले, तरी भारतीय उपखंडाला या वाद्यकुळाची ओळख नवी नाही. भाजे लेण्यातल्या शिल्पात नर्तिकेजवळ बसून कमानी आकाराची वीणा वाजवणारी आकृती आहे. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर तशीच वीणा घेऊन बसला आहे. तमिळ प्राचीन साहित्यातला याळ त्याच घराण्यातला. मुख्य प्रवाहातल्या संगीतातून ही वीणा पुढे नाहीशी झाली, पण म्यानमारचा सौंग अजून जिवंत आहे आणि मध्य प्रदेशातल्या परधान गोंडांचा बीन बाजाही याच जातीचा.

लिव्हर हार्पहून पेडल हार्पचं गणित वेगळं. इथे सात स्वरांना सात पेडल. षड्ज सी वर धरला तर डाव्या पायाकडे रे, सा, नी आणि उजव्या पायाकडे ग, म, प, ध. प्रत्येक पेडलला तीन खाचा. सगळ्यांत वर पेडल असताना तार मोकळी आणि स्वर उतरलेला, मधल्या खाचेत स्वाभाविक, तळाच्या खाचेत चढलेला. पेडलपासून निघालेल्या सळया खांबाच्या पोकळीतून वर मानेत जातात आणि तिथल्या चकत्या फिरवतात. चकतीवरच्या दोन खुंट्यांच्या चिमटीत तार धरली जाते. एक पेडल दाबलं की त्या स्वराच्या सगळ्या सप्तकांतल्या तारा एकदम बदलतात. ही दुहेरी रचना सेबास्तियाँ एरार्दने पक्की केली आणि १८१० मध्ये तिचं पेटंट घेतलं. दोनशे वर्षांत तिच्यात मुळापासून बदल करावा लागलेला नाही.

या रचनेतून एक सुंदर गोष्ट हाती येते. मध्यमाचं पेडल वर उचललं की एफची तार उतरून गंधाराला मिळते. निषादाचं पेडल तळाला दाबलं की बीची तार चढून षड्जाला मिळते. बाकीची मधल्या खाचेत. आता तारांवरून हात कसाही फिरवा, भूपाखेरीज दुसरा स्वर येतच नाही. चित्रपटसंगीतात स्वप्नदृश्य सुरू होताना जो तारांचा लोंढा ऐकू येतो, त्यामागे बहुतेक वेळा पेडलची अशीच काहीतरी मांडणी असते.

पेडलला एकदा आव्हानही मिळालं होतं. विसाव्या शतकाच्या तोंडावर पॅरिसच्या प्लेएल कंपनीने पेडल काढून टाकून तारांच्या दोन ओळी एकमेकींत तिरप्या ओवलेली हार्प आणली. एका ओळीत पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांचे स्वर, दुसरीत काळ्यांचे. तिच्यासाठी प्लेएलने १९०४ मध्ये देबुसीकडून दोन नृत्यं लिहून घेतली. लगेच पुढच्या वर्षी एरार्दच्या कंपनीने रावेलकडून पेडल हार्पसाठी ‘इंट्रोडक्शन अँड अलेग्रो’ लिहवून घेतलं. प्लेएलची हार्प मागे पडली. देबुसीची नृत्यं आज पेडल हार्पवरच वाजतात आणि त्यांतले पेडल बदल बसवताना विद्यार्थ्याला घाम फुटतो. कंपन्यांच्या या चढाओढीतून हार्पला तिच्या दोन सर्वोत्तम रचना मिळाल्या, ही शिकणाऱ्यांची चंगळच म्हणायची.

पद्धतींचा वाद इथे घराण्यांच्या वादासारखाच जुना आणि हट्टी आहे. पॅरिस कॉन्झर्वेतवारमध्ये शिकवणाऱ्या आल्फाँस हासलमाँसच्या वर्गातून आधुनिक हार्पच्या बऱ्याच शाखा फुटल्या. त्याची शिष्या आंरिएत रनिए हिचे पाय लहानपणी पेडलपर्यंत पोहोचत नसत, म्हणून तिच्या वडिलांनी पेडलना जोड लावून दिले. अकराव्या वर्षी तिने कॉन्झर्वेतवारचं पहिलं पारितोषिक मिळवलं. तिची अध्यापनपद्धती १९४६ मध्ये ग्रंथरूपात आली आणि तिचा शिष्य मार्सेल ग्राँजनी याने ती न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्ये रुजवली. या परंपरेत कोपरं खाली असतात आणि उजवं मनगट ध्वनिफळीच्या कडेला हलकं टेकतं. हासलमाँसचाच दुसरा शिष्य कार्लोस साल्सेदो अमेरिकेत गेला आणि त्याने वेगळीच रीत घातली: कोपरं उचललेली, मनगट मोकळं, स्वर सुटल्यावर हात वर जाण्याची लांब हालचाल. लुसील लॉरेन्सबरोबर लिहिलेलं त्याचं पुस्तक १९२९ चं. रशियन परंपरा आणखी निराळी.

कुठली बरोबर, यावर वादक आजही तावातावाने बोलतात. मला या प्रश्नात नवशिक्याने फार अडकू नये असं वाटतं. खांदा आवळला जात नाही ना, अंगठा खाली पडत नाही ना, बोट तळहातात मिटतंय ना, एवढं दर आठवड्याला डोळ्यांत तेल घालून पाहणारा शिक्षक मिळाला तर तो कुठल्या घराण्याचा हे दुय्यम आहे. मात्र पहिली दोन वर्षं घराणं बदलू नये. अर्धं मनगट टेकवून आणि अर्धी कोपरं उचलून वाजवणाऱ्याचे हात दुखतात.

गुरूशिवाय शिकता येतं का? सिल्विया वुड्सचं १९७८ चं स्वयंशिक्षणाचं पुस्तक घेऊन हजारो माणसं लिव्हर हार्प वाजवायला शिकली आहेत. विनोदी चित्रपटांतल्या ‘मार्क्स ब्रदर्स’मधला हार्पो तर स्वतःच शिकला, स्वतःच्याच पद्धतीने तारा मिळवायचा, आणि त्याचं वादन ऐकावंसं वाटतं. तरी हाताची ठेवण पुस्तकाला दिसत नाही. निदान पहिले सहा-आठ धडे माणसासमोर घ्यावेत. ते शक्य नसेल तर कॅमेरा बाजूने हाताजवळ लावून ऑनलाइन. मुंबई-पुण्यात पियानो, गिटारला शिक्षक गल्लोगल्ली आहेत, हार्पला नाहीत, त्यामुळे बहुतेकांना ऑनलाइनच जावं लागेल.

कागदावरून की कानावरून, हाही एक जुना तिढा. आयर्लंडमध्ये हार्प शतकानुशतकं कानावरून शिकवली गेली. शिकणाऱ्यांत अंध मुलं पुष्कळ, कारण देवी येऊन दृष्टी गेलेल्यांना हे पोटापाण्याचं साधन होतं. टर्लो ओ’कॅरोलन अठराव्या वर्षी देवीने अंध झाला, मग हार्प शिकला आणि घोड्यावरून गावोगाव फिरत यजमानांसाठी धुना रचत राहिला. १७३८ मध्ये तो गेला, पण त्याच्या धुना आज जगभरच्या नवशिक्यांच्या पहिल्या वर्षात असतात. १७९२ च्या जुलैत बेलफास्टला उरलेसुरले हार्पवादक एकत्र बोलावले गेले. दहा आयरिश आले आणि एक वेल्श. एडवर्ड बंटिंग नावाच्या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाला धुना टिपून घ्यायला बसवलं होतं. जमलेल्यांत डेनिस हेम्पसन सत्त्याण्णव वर्षांचा होता आणि जुन्या रीतीने धातूच्या तारा लांब नखांनी छेडणारा तो एकटाच उरला होता. बंटिंगने टिपलं म्हणून धुना वाचल्या. पण त्याने छापताना त्या पियानोसाठी बसवल्या, आणि कोणती तार कधी मिटवायची हे कानावरून चालणारं ज्ञान त्यात बरंचसं सांडलं. ते आता त्याच्या हस्तलिखित टिपणांतून शोधून पुन्हा उभं केलं जात आहे. आयरिश हार्पवादनाला २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. तालीम घेऊन गाणं शिकलेल्या आपल्याकडच्या माणसाने हार्प शिकताना स्टाफ नोटेशन जरूर शिकावं, पण दर आठवड्याला एक धून केवळ ऐकून बसवण्याचा नेम सोडू नये.

वेल्समध्ये तीन ओळींच्या तारांची हार्प आहे, पॅराग्वेत नखांनी वाजणारी हलकी, झगमगीत आवाजाची. दोन्ही परंपरा समृद्ध आहेत, पण तिथला गुरू असल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये.

खरेदीबद्दल थोडं रोखठोक. चांगली लिव्हर हार्प दोन-तीन हजार डॉलरपासून पुढे मिळते, नवी पेडल हार्प पंधरा-वीस हजारांच्या पुढेच. शिकागोची लायन अँड हीली, इटलीची साल्वी, फ्रान्सची कामाक ही मोठी नावं. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना भाड्याने हार्प घेण्याची सोय असते, तीच आधी पाहावी. जुनी हार्प घेताना ध्वनिफळी बाजूने निरखावी. पेडल हार्पच्या तारांचा एकत्रित ताण सुमारे ९०० किलो असतो आणि तो ती पातळ फळी दिवसरात्र वर ओढत असतो. थोडा फुगवटा साहजिक आहे, भेग नाही. व्हायोलिनसारखी हार्प शतकं टिकत नाही, म्हणून ‘जुनी म्हणजे मोलाची’ हा हिशेब इथे चालत नाही. अगदी स्वस्तात मिळणाऱ्या बाविसेक तारांच्या शोभेच्या हार्प टाळाव्यात. त्या सुरात राहत नाहीत आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपलाच कान कच्चा.

मध्य सप्तकांतल्या आतड्याच्या तारांना दमट हवा मानवत नाही. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात त्या पटापट तुटतात. मुंबई-गोव्यात नायलॉन किंवा फ्लुओरोकार्बनच्या तारांची हार्प शहाणपणाची. नवी तार कित्येक दिवस ताणत राहते, तिला रोज मिळवावं लागतं. स्वर लावण्याचा कंटाळा असलेल्या माणसाने हार्प घेऊ नये, हे मी अगदी मनापासून सांगतो. सुरुवातीला रोज वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका पुरेत. बोटांना फोड येऊ देऊ नयेत, कातडी हळूहळू घट्ट होऊ द्यावी.

दोन-तीन वर्षांनंतर वाट फुटते. युरोपी शास्त्रीय मार्गावर नाडरमानच्या सोनातिना आणि बोक्साचे सोपे अभ्यास संपवून विद्यार्थी हासलमाँसच्या ‘ला सूर्स’पर्यंत येतो. पुढे हॅन्डेलची बी-फ्लॅट कन्चेर्तो आणि मोत्सार्टने १७७८ मध्ये पॅरिसला लिहिलेली बासरी-हार्पची कन्चेर्तो. वाद्यवृंदातलं काम निराळं. तिथे शंभर मात्रा मोजत गप्प बसायचं, त्या वेळात सातही पेडल पुढच्या जागेसाठी लावून ठेवायची आणि मग चायकोव्स्कीच्या ‘नटक्रॅकर’मधल्या फुलांच्या वॉल्ट्झसारख्या ठिकाणी एकट्याने सगळं सभागृह पेलायचं. एकट्याने वाजवून तयार झालेल्यांना ही मोजणी फार जड जाते, म्हणून कुणाच्या तरी गाण्याला किंवा बासरीला साथ करण्याची सवय पहिल्या वर्षापासून लावावी.

दुसरी वाट जॅझची. डेट्रॉइटच्या डोरोथी ॲशबीने १९५० च्या दशकात हार्पला जॅझमध्ये बरोबरीची जागा मिळवून दिली. त्याच शहरातली ॲलिस कोल्ट्रेन मुळात पियानोवादक. हार्पकडे ती तिशीच्या सुमारास वळली. १९७१ च्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’ या ध्वनिमुद्रिकेत तिची हार्प तानपुऱ्याच्या जोडीने वाजते. तिच्या हातात पॅरिसच्या वर्गातली घोटीव बोटं नाहीत, लांबच लांब हात फिरवणं खूप आहे. पण कुठल्या स्वरावर तो ओघ सुरू व्हावा आणि कुठे तुटावा, याची तिची जाण पक्की होती. तिशी-चाळिशीत हार्प घेऊ पाहणाऱ्याने बोक्साच्या अभ्यासांबरोबर तीही ऐकावी, आणि पांढरी दोनला तानपुरा लावून, पंचमाच्या लिव्हर चढवून, भैरवीतली एखादी माहितीची धून पहिल्या महिन्यातच हाताखाली घ्यावी.